पंधरा एप्रिलच्या गोचिडी

फेब्रुवारी सरला नाही तोच माळावर गवत उगवलं आणि मेंढ्यांच्या कानांमागे गोचिडी टपोऱ्या झाल्या. हिवाळा लवकर ओसरला म्हणून अख्खं गाव खूश. खूश नव्हती ती एकटी बाल्झान. गावच्या दवाखान्यात सगळं मिळून तीच एक. तापाची गोळी तिने द्यायची, बाळंतपण तिने करायचं आणि शिव्याही तिनेच खायच्या. तीन वर्षांमागे शेजारच्या गावात याच गोचिडींच्या तापाने दोन माणसं नाकातोंडातून रक्त जाऊन गेली होती. दोघांचे हात तिने धरले होते.

तिने जिल्ह्याच्या कचेरीत फोन लावला. "गोठ्यांवर फवारणी हवी आहे. आत्ता हवी आहे."

"आराखड्यात पंधरा एप्रिल आहे, आपाय," तिकडची मुलगी थोरल्या बहिणीला म्हणावं तशा अदबीने म्हणाली.

"अगं, पण गोचिडी आल्यात!"

"त्या एप्रिलमध्ये येतात."

"मग यांना काय सांगू? चुकून आलात, दीड महिन्याने या?"

मुलीने फोन ठेवला. बाल्झानने बाटलीत वीस जिवंत गोचिडी भरल्या आणि बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवल्या. चौथ्या दिवशी बाटली परत आली, वर चिठ्ठी: हंगामाबाहेरचे नमुने घेतले जात नाहीत. आत गोचिडी वळवळतच होत्या. बाल्झानच्या अंगाची लाही लाही झाली. माणसाने डोकं आपटायचं तरी कुठे?

मग तिने पत्रांचा सपाटा लावला. अकराव्या पत्राला कंटाळून कचेरीने कळवलं, जुमाबेक साहेब स्वतः पाहणीला येताहेत.

साहेब तिच्याच घरी उतरणार होते. तिचा धाकटा भाऊ तुरार सकाळीच कळपातला एक मेंढा ओढत घेऊन आला. आईमागे बाल्झाननेच त्याला वाढवलेला. आता तिशीचा झाला होता, पण ऐकायच्या नावाने शंख.

"आज मेंढा कापायचा नाही," ती म्हणाली. "ताप ताज्या रक्तातूनही येतो. शिजल्यावर काही होत नाही, पण कापणारा मरतो."

"आणि पाहुण्याला नुसत्या चहावर काढू? आपा, गाव तोंडात शेण घालेल."

"निदान हातमोजे तरी घाल."

"रबराचे हात घालून पाहुण्याचा मेंढा सोलू? मेंढासुद्धा हसेल!"

तिने आणखी ताणून धरायला हवं होतं. पण तिच्याही मनात आलं, खाऊ दे मेल्याला पोटभर, खूश झाला की फवारणीवर सही तरी करेल.

साहेब आले. बाल्झान त्यांना खिडकीशी बसवून कोणत्या गोठ्यात किती गोचिडी ते सांगू लागली. बाहेर तुरार मेंढा सोलत होता. दोन्ही हातांनी कातडं ओढायचं म्हणून रक्ताने माखलेला सुरा त्याने दातांत धरला होता. त्यांचा बाप असाच धरायचा, आजाही असाच धरायचा.

"तुरार! तोंडातून काढ तो!" ती खिडकीतून ओरडली.

त्याने सुरा दातांत ठेवूनच हात हलवला आणि हसला.

जेवणात मेंढ्याचं डोकं मानाने साहेबांपुढे आलं. साहेबांनी त्याचा कान कापून शेजारच्या एका लेकराला दिला, मानाच्या पाहुण्याने करायचं ते रीतसर सगळं केलं आणि तुपकट बोटं पुसली.

"आता गोठ्याकडे चलता ना?" बाल्झानने विचारलं.

साहेबांनी दारातल्या आपल्या नव्या बुटांकडे पाहिलं. "चिखल आहे हो. आणि खरं सांगू, मला तर इथे एकही गोचीड दिसली नाही."

"घरात कशी दिसेल, साहेब? ती मेंढीला असते!"

"तुमची कळकळ पोचली," साहेब म्हणाले आणि तिच्या वहीत लिहून गेले: परिस्थिती समाधानकारक.

सहाव्या दिवशी तुरारचं डोकं फुटायला लागलं. ताप चढला. सातव्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं, आणि बाल्झानला दुसरं कुणी काही सांगायची गरज उरली नाही. तिने स्वतः गाडी मागवली आणि शहराच्या इस्पितळापर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरून बसली.

तिथे त्याला काचेपलीकडे ठेवलं. तिच्या हातात रोग्याची माहिती भरायचा एक कागद दिला. तेवढ्यात कचेरीचा फोन आला, त्याच मुलीचा आवाज: "आपाय, रोग्याची तारीख जरा एप्रिलमधली टाकता येईल का? मार्चचा रकानाच नाही."

"नसेल तर पाड!" बाल्झान इतक्या जोरात ओरडली की परिचारिका धावत आली. बाल्झानने फोन बंद केला.

काचेपलीकडे तुरारने डोळे उघडले. ओठांवर रक्त वाळलं होतं. परिचारिकेने भिंतीवरचा बोलायचा फोन तिच्या कानाशी धरला.

"आपा, साहेब खूश होऊन गेले ना?"

"हो रे, गेले. खूप खूश होऊन गेले."

"मग फवारणी येईल."

तिला हुंदका आवरेना. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि कागद भरायला घेतला. नाव, वय, गाव, तारीख. तारीख तिने मार्चचीच घातली. शेवटचा प्रश्न होता: जनावर कशासाठी कापलं?

तिने लिहिलं: गोचिडी आहेत का ते पाहायला पाहुणा आला होता.