मास्तरांचं ‘एवढंच’

सकाळी मास्तरांचा निरोप आला आणि वहिनींच्या हातातला चहा तसाच निवत राहिला.

औषधांच्या पाकिटांवरच्या चिठ्ठ्या छापणारं एक सॉफ्टवेअर वहिनी सांभाळत. ते सगळ्यांसाठी खुलं होतं. कुणीही वापरावं, कुणीही त्यात भर घालावी. कितीतरी दवाखाने त्यावर विसंबून होते. नवी आवृत्ती उद्या बाहेर पडायची होती. नियम वहिनींनीच घातलेला: आवृत्तीआधी पंधरा दिवस दार बंद. मग फक्त चुका दुरुस्त करायच्या, नवी सोय घ्यायची नाही.

आणि मास्तरांनी नेमकी नवी सोय पाठवली होती! औषधाची मात्रा आकड्यांऐवजी अक्षरांत छापायची. दीड, अडीच, साडेतीन. खाली लिहिलं होतं, ‘एवढंच घे. चाळीस ओळी तर आहेत.’

मास्तर या कामातले सर्वांत जुने. वहिनींना कोड लिहायला त्यांनीच शिकवलेलं. त्यात वहिनींचा स्वभाव असा भिडस्त, की दारावर आलेल्या विक्रेत्यालाही त्या नको असलेले चार साबण घेऊनच वाटेला लावत. बोट ‘स्वीकारा’च्या बटणावर गेलंच होतं.

“दार बंद होतं ना?” डबा भरता भरता नणंद डोकावली. ती एका इस्पितळात औषधं देते; रोज याच चिठ्ठ्या चिकटवते.

“मास्तरांचं आहे गं. एवढंच तर आहे.”

“आणि मागच्या आठवड्यात त्या नव्यानं आलेल्या मुलीनंही अशीच सोय पाठवली होती; तिचं काम परत पाठवलंत, ते केवढं होतं?”

वहिनींनी बटणावरचं बोट मागे घेतलं. ते वीस ओळींचं होतं.

“म्हणजे अनोळखी माणसाला नियम आणि ओळखीच्याला मागचं दार! हेच एखाद्या कचेरीत झालं की आपण किती तावातावानं बोलतो, वहिनी.”

“पण ते दुखावतील. सोडून गेले तर?”

“जातीलही. पण चिठ्ठी वाचून गोळी घेणारा माणूस ना मास्तरांना ओळखत, ना तुम्हाला. त्याची भीड कोण बाळगणार?”

वहिनींनी पदर खोचला आणि फोन लावला.

“मास्तर, सोय छान आहे. पण या आवृत्तीत नाही. पुढच्या खेपेला सगळ्यांत आधी तुमचंच काम तपासायला घेऊ. तारीख आत्ताच लिहून देते.”

“माझ्यावर विश्वास नाही?”

“तुमच्यावर आहे. न तपासलेल्या कोडवर नाही. माझ्या स्वतःच्याही नाही!”

फोन कट झाला. वहिनींचे डोळे भरून आले, पण त्या हटल्या नाहीत. तेच उत्तर त्यांनी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. त्या नव्या मुलीलाही कळवलं, तुझ्या कामाची तपासणीही त्याच तारखेला.

पुढचे दिवस मास्तरांकडून अवाक्षर नाही. तारीख आली तशी नणंद जुनी औषधपत्रं घेऊन तपासायला बसली. दीड बरोबर, अडीच बरोबर, साडेतीनही बरोबर. मग एका पत्रावर अर्धी गोळी आली. डॉक्टरांनी आधीचं शून्य न लावता नुसतं ‘.५’ लिहिलं होतं. मास्तरांच्या ओळींनी तो बिंदू गिळला आणि चिठ्ठी बाहेर पडली: ‘पाच गोळ्या’.

वहिनींनी लगेच मास्तरांना फोन करून कळवलं.

मास्तरांनी ती चिठ्ठी पुन्हा वाचून दाखवायला सांगितली. मग ते म्हणाले, “माझ्या आईला अर्धीच गोळी आहे गं. तिला आकडे नीट कळत नाहीत, म्हणून मी घाई करत होतो.”

“तपासून झाली की ती सोय लगेच घेऊ, मास्तर,” वहिनी म्हणाल्या.

“दुरुस्त करून पाठवतो,” मास्तर म्हणाले. “आणि त्या नव्या मुलीला सांग, माझं काम तिनं तपासावं. माझी भीड न ठेवता.”

वाचकहो, आपल्या माणसाला नाही म्हणताना जीभ अडखळते, हे खरं. पण आपल्या भिडेपोटी धोक्यात येतो तो भलताच कुणीतरी. उशिरा आलेलं चांगलं काम जरूर घ्या, पण पुढच्या खेपेला, तपासून. आणि नाही म्हणताना तारीख द्यायला विसरू नका. जो नियम आपण आपल्या माणसाला लावू शकत नाही, तो परक्याला लावायचा आपल्याला काय अधिकार?