दुसऱ्या लाइनचा वाटा

हॉस्पिटलच्या नेटवर्क विभागात थोरली बारा वर्षं होती आणि धाकटी आठ महिने. दोघी सख्ख्या बहिणी. ऑफिसातही त्यांना याच नावांनी ओळखायचे. धाकटीसाठी साहेबांपुढे शब्द टाकला तो थोरलीनेच. त्या दिवसाला ती आता रोज मनातल्या मनात शिव्या घालत होती.

हॉस्पिटलच्या दोन इमारती, मधे मोठा रस्ता. त्यांना जोडणारी एकच लाइन होती, थोरलीने उन्हातान्हात उभं राहून टाकून घेतलेली. धाकटीने आल्या आल्या पुलाखालून दुसरी लाइन आणली आणि राउटरला सांगून ठेवलं, दोन्ही रस्ते सारखेच समज, काम निम्मं निम्मं वाट. एक तुटला तर सगळा भार दुसऱ्यावर टाक. तेव्हापासून एक्स-रे पटापट उघडू लागले. एक्स-रेच्या डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "तुमची धाकटी कुठाय? हाताला गुण आहे हो तिच्या!" घरी आईसुद्धा म्हणाली, "तिच्याकडून शिकून घे की थोडं." थोरली हसून वेळ मारून न्यायची, आतून नुसती जळायची.

मंगळवारी धाकटी जेवायला गेली तेव्हा थोरलीने राउटर उघडला आणि हाताने पक्का हुकूम लिहिला: सगळं पहिल्या लाइनने न्यायचं, दुसरी नुसती राखीव. मग ती आलेख बघत बसली. धाकटीच्या लाइनची रेघ खाली खाली येत तळाला टेकली. इतकं गार कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं तिला.

बुधवारी अकराच्या सुमाराला बाहेर रस्ता खोदणाऱ्या यंत्राने थोरलीची लाइन तोडली.

देखरेखीच्या पडद्यावर लाल खूण उमटली आणि थोरली ताडकन उठली. आता तिला आठवलं: लाइन मधेच तुटली तरी राउटरच्या दाराशी दिवा हिरवाच राहतो. पक्का हुकूम मिळालेला राउटर तुटक्या रस्त्यावरच सगळं पाठवत बसणार. ती धावत एक्स-रे विभागात गेली. डॉक्टरीणबाई शांतपणे कुणाची तरी बरगडी न्याहाळत होत्या.

"काय हो, धापा का टाकताय?"

"काही अडलं का?" थोरलीने विचारलं.

"दोन-तीन सेकंद चित्र थांबलं. मग आलं की."

ती परतली. धाकटी पडद्यासमोर बसली होती, तोंड फुगवून.

"तू काय केलंस?" थोरलीने विचारलं.

"काल निघताना तुझा हुकूम दिसला. त्याला एक ओळ जोडली. दर सेकंदाला पलीकडच्या टोकाला हाक मारायची, तीनदा ओ आली नाही तर हुकूम बाजूला ठेवून माझी लाइन धरायची."

"मग काढूनच का नाही टाकलास?"

"तू परत लिहिला असतास, ताई."

एवढ्यात साहेब आले, हातात नोंदींचा कागद. "थोरले, हुकूम तुझ्या नावावर दिसतोय. लाइन तुटली आणि पेशंटला कळलंसुद्धा नाही! बारा वर्षांचा अनुभव म्हणतात तो हा!"

धाकटी नख कुरतडत राहिली. थोरली गप्प राहिली असती तर सगळं निभावून गेलं असतं. पण धाकटीने वाढलेलं मोठेपण आयतं जेवायचं? तेवढं मात्र तिच्या घशाखाली उतरेना.

"साहेब, बुडवायला मी निघाले होते," ती म्हणाली. "हिच्या लाइनला काम मिळू नये म्हणून लिहिलं ते. वाचवलं हिने."

साहेबांनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "का?"

"बघवत नव्हतं."

दुपारी लेखी ताकीद मिळाली. यापुढे राउटरमधला प्रत्येक बदल आधी धाकटीने तपासायचा, असंही त्यात होतं.

लाइन सांधून झाली. गुरुवारी थोरलीने स्वतःचा हुकूम रद्द करून दोन्ही लाइनींना सारखा वाटा देणारा बदल लिहिला आणि धाकटीच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. धाकटीने ओळीवर बोट ठेवत ठेवत वाचलं.

"ताई, इथे एक आकडा चुकलाय."

थोरलीची कानशिलं तापली. तिने वाकून पाहिलं. चुकलाच होता.

"दे इकडे," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बहिणीशेजारी बसली.