गुन्वोरचा चौदावा नंबर

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. नॉर्वेतल्या एका डोंगराळ गावात, चौदा घरांच्या सामायिक गॅरेजात मी भिंतीवर बसवलेली आहे. दिसायला साधी, पण चौदा विजेच्या गाड्या माझ्या ताब्यात असतात.

मी येण्याआधी ईस्टरच्या सुट्टीला निघताना सगळे एकदमच गाड्या चार्जिंगला लावत. घरोघरी हीटर चालू, त्यात हा भार. एका वर्षी ट्रान्सफॉर्मर जळाला आणि गाव दोन दिवस गारठलं. मग मला आणलं. मी दोन-दोन गाड्यांना आळीपाळीने वीज देऊ लागले आणि पुन्हा कधी दिवे गेले नाहीत. गॅरेज सांभाळणारा आयलिफ येता-जाता मला कौतुकाने थोपटायचा. मी जरा शेफारलेच होते.

माझ्या अंगावर एक पिवळं बटण आहे, घाईचं. ते दाबलं की नंबर पुढे येतो. नऊ वर्षांत ते कुणी दाबलं नव्हतं. इथल्या माणसांना दुसऱ्याच्या पुढे घुसण्यापेक्षा ताटकळणं बरं वाटतं.

गेल्या ईस्टरआधीच्या बुधवारी दुपारी दोन वाजता सत्तरीच्या गुन्वोरने आपली रिकामी गाडी लावली. चौदावा नंबर, म्हणजे शेवटचा. तासाभरात ती तीनदा जिना उतरून आली. तिसऱ्यांदा तिचं बोट बटणापर्यंत गेलं.

"दाब की," आयलिफ म्हणाला. "त्यासाठीच आहे ते."

"राहू दे. सगळ्यांनाच वर डोंगरातल्या सुट्टीच्या घरी जायचंय. पोरं खोळंबतील."

ती वर गेली. मी नियमाने चालले. तिचा नंबर रात्री आठला आला आणि गाडी भरताच ती निघाली. तिच्याआधी भरलेल्या काही गाड्या तर शुक्रवारपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. पण आपल्याला घाई नाही, हे कुणी मला सांगितलंच नव्हतं.

शनिवारी ती परतली. तिची बहीण अडीच तासांवरच्या इस्पितळात अखेरच्या घटका मोजत होती, हे तेव्हा कळलं.

"मी पोचले तेव्हा पलंगावरची चादर बदलत होते," ती आयलिफला म्हणाली. "मला वाटलं, थांबेल. लहानपणापासून ती माझ्यासाठी थांबायची."

मित्रांनो, मला फक्त बटण कळतं, असं म्हणून मी सुटू शकते. पण तिच्या तीन खेपा मी मोजल्या होत्या. ते मला अजून खातं. म्हणून विनवते, तुम्हाला घाई नसेल तेव्हा आपणहून तसं सांगत जा. भिडस्त माणूस मागायला येणार नाही.

त्या शनिवारी बाकी सारे डोंगरात होते. गॅरेजात गुन्वोरची एकटीच गाडी उभी होती. तिने ती मला जोडली. होती नव्हती ती सगळी वीज मी तिला दिली. तासाभरात गाडी भरली. तिला कुठेच जायचं नव्हतं.