वाळत घातलेला मान्सून

सोलापूरच्या हवेत ओल नसते. ती आम्हाला करावी लागते. ताण्याचे उभे धागे कोरडे पडले की मागावर सूत पटापट तुटतं, म्हणून सकाळी कारखान्यात जमिनीवर पाणी मारायचं आणि खिडक्यांना ओली पोती बांधायची, ही आमची रीत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एजाजचा टॉवेलचा कारखाना आहे. तिथं बिघडलेले माग सुरू करून देण्यात माझा जन्म गेला. आता हात चालत नाहीत, तरी रोज जाऊन बसतो. अजून कुणी ऊठ म्हटलेलं नाही.

त्याच कारखान्याच्या पुढच्या खोलीत एजाजच्या मुलाला, ताबीशला, कॉफीचं दुकान काढायचं होतं. पोरगा लहानपणी कानात सुताचे बोळे घालून अभ्यास करायचा, इतका त्याला मागाचा आवाज नकोसा. मोठा झाल्यावर बेंगळुरूला गेला आणि कॉफी भाजायला शिकून आला. एजाजनं त्या खोलीतले दोन माग काढून अंगणात ताडपत्रीखाली ठेवले, पण मला साक्षीला बसवून अट घातली.

"बेंगळुरूच्या कंपनीचा साहेब तुझी कॉफी चाखायला येणार म्हणतोस ना? त्यानं दुकानावर लावायला कंपनीच्या नावाची पाटी दिली तर खोली तुझी. न्हाय दिली तर माग परत आत, आणि तू मागावर. मग कॉफीचं नाव काढायचं न्हाय. रावजीकाका, ऐकलं का?"

"ऐकलं," मी म्हणालो.

"हौ, अब्बा," ताबीश म्हणाला.

त्या कंपनीचं कॉफीचं पोतं आलं ते थेट मंगळूरच्या किनाऱ्यावरून. ही साधी कॉफी नव्हे, मान्सूनची कॉफी, असं ताबीशनं सांगितलं. समुद्राकाठच्या उघड्या गोदामात कच्चे दाणे पसरतात आणि पावसाळ्याचे महिने त्यांच्यावरून ओला वारा जाऊ देतात. दाणे फुगतात, हिरव्याचे पिवळट होतात, आंबटपणा जातो.

"असं करायचं कुणाला सुचलं?" एजाजनं विचारलं.

"सुचलं न्हाय, अब्बा. पूर्वी कॉफी शिडाच्या जहाजातून विलायतेला जायची. महिनोन् महिने दमट हवेत राहून तिची चव बदलायची. लोकांना तीच आवडायला लागली. पुढं आगबोटी आल्या, माल लवकर पोचला, आणि गिऱ्हाइकं म्हणाली, ही ती कॉफी न्हाय. मग हितंच मुद्दाम वारा द्यायला लागले."

एजाज म्हणाला, "गेल्या साली आपले टॉवेल ट्रकमध्ये भिजले, तर मुंबईच्या व्यापाऱ्यानं गठ्ठे परत पाठवले. आणि यांचा माल भिजला तर भाव तिप्पट?"

"आपलं नशीब," मी म्हणालो. "आपण टॉवेलला मान्सून म्हटलं न्हाय."

पहिल्या चाखणीला प्रभुलिंग आला. तो टॉवेलचा व्यापारी. बाजारात कुठलीही नवी गोष्ट आली की ती आपल्याला आधीच माहीत होती असं सांगणारा. ताबीशनं पांढऱ्या कपात काळी कॉफी दिली, साखर दिली नाही.

"हिच्यात काय काय लागतंय बघा. कोको, मसाला, ओली माती, जुनं लाकूड."

"जुनं लाकूड मागाला हाय की," एजाज म्हणाला.

ताबीशची आजी, इमामबी भाभी, दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कपाला मातीचा वास आला तर आपण तो परत घासतो, बाळा."

प्रभुलिंगनं डोळे मिटले. "वा! लई वरची चीज हाय. समुद्र लागतोय की यात. समुद्र!" आणि ताबीश पाठमोरा झाल्याबरोबर त्यानं उरलेला समुद्र खिडकीच्या ओल्या पोत्यावर ओतला. मी बघितलं. त्यानं मी बघितलेलं बघितलं. पुढं आम्ही दोघंही टॉवेलविषयी बोललो.

मे महिन्यात ताबीश साहेबाला आणायला बेंगळुरूला गेला. तिथं आठवडाभर काहीतरी शिकूनही घेणार होता. तो गेला त्याच दिवशी भाभींनी पोत्याचं तोंड सोडलं.

"रावजीभाई, हितं या. पोराला फसवलं बघा."

मी गेलो. त्यांनी ओंजळभर दाणे माझ्या नाकाशी धरले. फुगलेले, फिक्कट, आणि वास बंद पेटीतल्या जुन्या कपड्यांचा.

"भाभी, ते तसंच असतंय. वाऱ्यानं फुगलंय."

"वाऱ्यानं फुगलं तर उन्हानं बसंल. साहेब येणार हाय आणि आपण त्याला कुबट माल देणार? माझ्या घरात गव्हाला कधी सोंडा लागला न्हाय."

त्यांचं म्हणणं मला पटलं, हे खरं. आमच्या उन्हात वाईट असं काही टिकत नाही. चांगलंही टिकत नाही, पण त्याला इलाज नाही. गच्चीवर चादरी अंथरल्या, पोतं रिकामं केलं. भाभी सकाळी दाणे पसरायच्या, दुपारी हातानं खालवर करायच्या, ऊन उतरलं की गोळा करायच्या. मी सावलीला बसून राखण करायचो. कबुतरं आली. एकेक दाणा चोचीत धरून बघितला आणि उडून गेली. त्या कॉफीविषयी खरं मत सांगणारी तेवढीच.

आठवड्याअखेर दाणे वाळून हलके झाले. मुठीत घेऊन हलवले की खुळखुळ्यासारखे वाजायचे. भाभींनी ते कडुनिंबाचा पाला घालून पोत्यात भरले. एरंडेल चोळायचं तेवढं राहिलं, कारण बाटली संपली होती.

साहेब आला. नाव सोमशेखर. त्याची आजी अक्कलकोटकडची, त्यामुळं मराठी यायचं, पण आठवून आठवून बोलायचा. रेल्वेतून उतरून तो आणि ताबीश थेट कारखान्यात आले. संध्याकाळच्या गाडीनं त्याला परत जायचं होतं, म्हणून सगळं त्याच्यासमोरच व्हायचं होतं. एजाज, प्रभुलिंग, मी, सगळे खुर्च्यांवर बसलो. भाभी नवी ओढणी घेऊन आल्या.

ताबीशनं पोतं उघडलं. कडुनिंबाचं एक वाळलेलं पान उडून त्याच्या बुटावर पडलं. त्यानं पानाकडं बघितलं, मूठभर दाणे उचलले, हलवले. मग छताकडं बघितलं. छताच्या वर गच्ची. मग आजीकडं. आजी त्याच्याकडं बघून हसत होती, परीक्षेला निघालेल्या पोराकडं बघून हसावं तशी.

दुसरं पोतं नव्हतं. त्यानं दाणे भाजले. दळले. उकळतं पाणी ओतलं. अंगणात ताडपत्री वाऱ्यानं फडफडत होती, आणि ती वाजली की दरवेळी त्याची मान तिकडं वळायची.

सोमशेखरनं चमचा भरला आणि सूंऽऽ करून जोरात आवाज काढत ओढला.

"आमच्यात असं पिल्यावर पोरं मार खातात," भाभी माझ्या कानात म्हणाल्या.

त्यानं पुन्हा ओढला. पुन्हा. मग उठून पोत्यात हात घातला आणि दाणा दातानं फोडला.

"हा माल आमचाच आहे," तो हळू म्हणाला. "पण यात... यात मान्सून नाही."

"न्हाईच!" भाभी उभ्या राहिल्या. "काढला की मी. आठवडा लागला. एक थेंब ठेवला न्हाय."

सोमशेखरनं कप खाली ठेवला.

"आज्जी, हा वारा द्यायला आमची माणसं तीन-चार महिने राबतात."

"व्हय की. मग काढायला पण येळ लागणारच."

तो हसला नाही, रागावलाही नाही. ताबीशला म्हणाला, "भाजलंस चांगलं. पण आमचं नाव मी याच्यावर देऊ शकत नाही. पाटी नाही मिळणार."

ताबीश म्हणाला, "बरोबर हाय, सर." तेवढंच. आजीचं नाव त्यानं घेतलं नाही, आणि भाभींना आपण काय केलं ते कळलंही नाही. एजाज उठला, दारापर्यंत गेला आणि ताडपत्रीकडं बघत उभा राहिला. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. तो मला म्हणाला, "रावजीकाका, उद्या चार माणसं बोलवा. माग आत घ्यायचे."

तेवढ्यात प्रभुलिंग म्हणाला, "मला अजून एक कप."

सगळ्यांनी वळून बघितलं. त्याचा कप रिकामा होता, आणि खिडकीच्या पोत्यावर नवा डाग नव्हता.

"न्हाय, मला एक नीट सांगा," तो सोमशेखरला म्हणाला. "आधी मान्सून घातला. मग काढला. म्हणजे या मालावर दोनदा काम झालंय?"

"तसं म्हटलं तर..."

"डबल प्रोसेस! मी बोललोच होतो की." तो कधीच बोलला नव्हता. "नुसती मान्सूनची काय, पुण्या-मुंबईत कुणीबी पितंय. काढलेली कुटं मिळती?" आणि त्यानं फोन काढला.

ऊन उतरायच्या आत खोली भरली. चादरीवाले आले, रंगवाले आले, बायकोला घेऊन एक डॉक्टर आले. डॉक्टरांना कपात ऊन लागलं. त्यांच्या बायकोला गच्ची लागली. एकाला तर चादरीचा काठ लागला. सोमशेखर हे सगळं ऐकत होता. जाताना त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, "अहो, ही चव पाहिजे असेल तर जुनी साधी कॉफी घ्या. जवळपास अशीच लागेल, आणि भाव तिसरा हिस्सा."

प्रभुलिंगला ते लागलं. "साधी? साधीतनं काय काढणार?"

सोमशेखरनं पोत्यांची नवी मागणी लिहून घेतली आणि गाडी गाठली.

एजाजनं माणसं बोलवू नका म्हणून सांगितलं. ताडपत्री अजून अंगणात आहे, माग तिच्याखालीच आहेत. खोलीवर पाटी लागली ती रंगाऱ्याकडून करून घेतलेली: ‘मान्सून काढून मिळेल’. आता मंगळूरहून सर्वात महागातला, सर्वात जास्त वारा खाल्लेला माल येतो. वारा कमी वाटला तर प्रभुलिंग तक्रार करतो, काढायला पुरेसा नाही म्हणून. भाभी गच्चीवर दोन बायकांना हाताखाली घेऊन बसतात आणि गिऱ्हाईक वर बघायला आलं की त्याला चपला काढायला लावतात.

ताबीश दिवसभर हसतमुखानं कप भरतो. त्याला हवं होतं ते मिळालं. फक्त त्याला जी कॉफी प्यायची होती, ती सोडून.

परवा सकाळी मी नेहमीसारखा माझ्या जागी जाऊन बसलो. आतल्या मागांच्या वर, छताच्या आडव्या लोखंडी पट्टीला, एक लहान कापडी पिशवी टांगलेली दिसली. खाली ताबीश उभा, मान वर करून, त्या नकोशा आवाजात, कानात बोळे न घालता.

"काय रे ते?"

"वाळवलेलीच कॉफी हाय, काका. हितं ओल असती ना. तिची चव परत येतीय का बघतोय."

"येती का?"

"अजून न्हाय."

तो दुकानात गेला. मग एजाज बादली घेऊन जमिनीवर पाणी मारायला आला. सगळीकडं मारून झालं. जाता जाता त्यानं इकडंतिकडं बघितलं, बादलीत हात बुडवला आणि त्या पिशवीखालच्या फरशीवर दोन ओंजळी जास्तीच्या मारल्या.

"भाभींना सांगू का?" मी विचारलं.

"खुळे झालात का, काका?" तो म्हणाला. "ही पिशवी पण गच्चीवर नेतील."