अकरा दिवस बंद

मयुराला कुणी सांगितला होता नसता शहाणपणा? पुण्याची मुलगी, गुडगावच्या कंपनीत पुरवठादारांचे कारखाने तपासायची नोकरी, पानिपतला जायला गाडी. गुपचूप फॉर्म भरायचा, संपला विषय. पण नाही, बाईंना खरं हवं होतं.

पानिपतच्या रंगाईवाल्यांची, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखानदारांची, रीत अख्ख्या ऑफिसला ठाऊक होती. तपासणीची तारीख आठवडाभर आधी कळायची. त्या दिवशी सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र चालू, एरवी बंद. नोंदवहीत मात्र वर्षभर एकही खाडा नाही. त्यांतला सतबीर मलिक तेवढा यंत्र खरोखर चालवायचा. गाळणी तुंबली, की दिल्लीहून मिस्त्री येईपर्यंत त्याचाही नाइलाज. ऑर्डरची तारीख काही थांबत नसे, मग रंगाचं पाणी तसंच नाल्यात. हे दिवस तोही वहीत लपवायचा. मयुराने त्याला गळ घातली, खरं लिहा, अडचण दिसली तर कंपनी मदत करेल. भला माणूस, त्याने लिहिलं. तीन महिन्यांत अकरा दिवस बंद.

फॉर्मवर मदतीचा रकानाच नव्हता. यंत्र रोज चालतं का, हो की नाही? मयुराने ‘नाही’ लिहून खाली कारण सविस्तर दिलं. ते खालचं वाचतंय कोण! तिचा साहेब हेरंब म्हणाला, नियम म्हणजे नियम. ब्लँकेटची सगळी ऑर्डर शेजारच्या बिनखाड्याच्या कारखान्याला गेली. मयुरा भांडली, रडली, काही उपयोग झाला नाही. सतबीरचे निम्मे कारागीर घरी बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

सहा महिन्यांनी सतबीरने पुन्हा तपासणी मागितली. मयुरा गेली तेव्हा यंत्र चालू होतं आणि वही एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिलेली होती. उरलेले कारागीर दारातून तिच्याकडे बघत होते.

तिने हळूच विचारलं, गाळणी ठीक असते तेव्हा तरी चालवता ना?

“नहीं मॅडम,” सतबीर म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. “जब झूठ ही लिखना है, तो चलाऊँ किसलिए?”

मयुराने ‘हो’ लिहिलं. ऑर्डर परत आली. हेरंब इतका खूश झाला, की सुधारलेला पुरवठादार म्हणून सतबीरचा फोटो वार्षिक अहवालात घ्यायचं ठरलं. फोटोखालचा मजकूर मयुराने लिहायचा होता.