दुसरा गियर

रविवारी सकाळी बाबा गाडीखालून ओरडले, "दंतवैद्या, दहाचा पाना दे. आणि माझ्या दुसऱ्या गियरपासून चार हात लांब राहा."

"बावीस वर्षं झाली की रे! एकदाची फाशी दे आणि मोकळा कर," बाबांचे मित्र, आमचे दंतवैद्य काका म्हणाले.

"फाशी दिली तर माझी अक्कलदाढ कोण काढणार?"

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. नेहमीसारखी हसले.

तो गियर मी मोडला होता. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. बाबा आठवडाभर परगावी गेले होते आणि गाडी काकांच्या ताब्यात देऊन गेले होते. एका दुपारी मी ती काकांना न विचारता बाहेर काढली. चढावर क्लच पुरता न दाबता मी गियर ओढला, आतून करकर आवाज आला, आणि मी गाडी गुपचूप काकांच्या अंगणात नेऊन लावली. बाबा परतल्यावर काका आपणहून म्हणाले, "माझ्याच हातून झालं असणार. हात जड आहे माझा." त्या गाडीचे सुटे भाग मिळणं केव्हाच बंद झालं होतं. तेव्हापासून दुसरा गियर सुटायचा आणि काका टोमणे खायचे.

बाबा आणि काकांचा जुन्या गाड्यांचा क्लबही बिघाडातूनच जन्मला. एका पुलावर एका बुकबाइंडरची, म्हणजे बाबांची, आणि एका दंतवैद्याची, अशा दोन म्हाताऱ्या गाड्या एकाच वेळी बंद पडल्या. मागच्यांनी दोघांना सारख्याच शिव्या घातल्या. दोघांनी एकमेकांच्या गाड्या ढकलल्या. पुढे सासऱ्यांची गाडी घेऊन इतिहासाच्या बाई आल्या, मग आणखी आठ जण. नियम एकच, बाबांनी केलेला : नव्या सभासदाने सर्वांसमोर उभं राहून आपल्या गाडीची खोड सांगायची. एक बिल्डर चकाचक गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "माझ्या गाडीत एकही खोड नाही." बाबा म्हणाले, "मग तुम्हाला आमची गरज काय?"

सोमवारी दुकानात, अर्ध्या शिवलेल्या पुस्तकावर बाबांनी डोकं टेकलं. पुन्हा उचललं नाही.

महिन्याभराने काका घरी आले. "गाडी विकू नकोस. सभासद हो," म्हणाले. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. "गियर दुरुस्त करून द्यायचा राहिला बघ माझा. थट्टा करायचा, पण मनात ठेवलं नसेल ना गं त्याने?"

तेव्हाच सांगता आलं असतं. मी विचारलं, "काका, पाणी देऊ?"

पुढच्या बैठकीला बाईंच्या गॅरेजमध्ये सगळे डब्यांवर, जुन्या सीटांवर बसले होते. बाई म्हणाल्या, "सांग. नियम सगळ्यांना सारखा."

रेडिएटर गळतो, एवढं सांगून बसता आलं असतं. तो गळतोही.

"रेडिएटर गळतो," मी म्हणाले.

"दुसरा गियरही सांग की," पुढे बसलेले काका म्हणाले. "आणि कुणी मोडला तेही सांग, लाजू नकोस." सगळे हसले. काका नाही हसले.

"मी मोडला," मी म्हणाले. "गाडी तुमच्याकडे होती त्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी. बाबा रागावतील म्हणून गप्प बसले. मग तुम्ही दोष अंगावर घेतलात आणि मी घेऊ दिला. बाबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. काका, तुमच्या हातून काहीच झालं नव्हतं."