पाठीचा थर

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सासूबाई म्हणायच्या, हिच्याशी बोलायचं तर आधी तोंड बघा, मग तोंड उघडा. त्या गेल्या, माझा राग काही गेला नाही. पण त्या दिवशी रागाच्या भरात मी जे करायचं सोडून दिलं, ते माझं मलाच माहीत होतं. निदान संध्याकाळपर्यंत तरी मी याच समजुतीत होते.

आमचे हे धनुष्यं करतात. लाकडाची, हातानं, मामंजींनी शिकवली तशी. आता कुणाला हवीत म्हणा धनुष्यं. पण वर्षातून एकदा संग्रहालयाच्या मैदानावर जुन्या हातकामांचा मेळावा भरतो आणि तिथे ह्यांचा मोठा मान. सकाळी नऊला ओबडधोबड दांडा घेऊन बसायचं, संध्याकाळी पाचला धनुष्य ओढून दाखवायचं. शेजारी एकजण लाकडावर लाकूड घासून विस्तव काढतो. त्याला आम्ही दोघं आपसात काडेपेटी म्हणतो, कारण हवा दमट असली की त्याचा हात कुठल्या खिशात जातो ते आम्ही पाहिलंय. त्याच्या पलीकडे एक बाई सालीची दोरी वळत बसते.

या कामातली एकच गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. झाड दरवर्षी एक थर चढवतं. धनुष्याची पाठ, म्हणजे ओढताना आपल्यापासून लांब असते ती बाजू, टोकापासून टोकापर्यंत एकाच थराची असावी लागते. वरचे थर पात्यानं काढत काढत त्या एका थरावर यायचं आणि तिथं थांबायचं. पातं एका जागी जरी खालच्या थरात घुसलं, तरी धनुष्य तिथेच मोडणार. आज नाही तर उद्या, पण मोडणार.

आणि आमच्या ह्यांना दोन वर्षांपासून थर दिसत नाहीत.

डोळ्याच्या मागचा पडदा झिजलाय. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, चष्मा बदलून काही व्हायचं नाही. माणूस दिसतो, दार दिसतं, पण बारीक रेघ पुसून टाकल्यासारखी नाहीशी होते. हे म्हणाले, मी कुठे डोळ्यांनी काम करतो, हातांनी करतो. दुसऱ्या दिवशी हे आंघोळीला गेले तेव्हा मी सुताराची जाड पेन्सिल घेतली आणि दांड्यावर जिथे थर पातळ होता, जिथे गाठ होती, तिथे ठसठशीत काळी खूण करून ठेवली. तेवढं काळं त्यांना दिसायचं. पातं तिथे आलं की हात हळू व्हायचा. मला वाटायचं, ह्यांना त्या आपल्याच खुणा वाटतात. आपण आदल्या दिवशी केल्या आणि विसरलो, असं. दोन वर्षं रोज मी हेच करत आले. मला कुणी शिकवलं नव्हतं. पस्तीस वर्षं ढलप्या झाडता झाडता नजर बसली, एवढंच.

या वर्षी संग्रहालयाच्या बाईंनी विचारलं की दर शनिवारी बारा जणांना शिकवाल का. मेळाव्यात काम बघून नक्की करू, म्हणाल्या. तेव्हापासून हे हवेतच होते. मी मात्र मनात हिशेब करत होते. बारा माणसं, बाराजणांच्या हातात धारदार पाती, आणि शिकवणाऱ्याला रेघ दिसत नाही. मेळाव्याच्या दिवशी सकाळी मी हे तोंडावर बोलून दाखवलं. नाही म्हणून सांगा त्यांना, म्हटलं. हे चहाचा कप खाली ठेवून म्हणाले,

"तुला काय कळतं त्यातलं?"

बस. डोक्यात तिडीक गेली माझ्या. हे आंघोळीला गेले आणि मी पेन्सिल हातात घेतलीच नाही. म्हटलं, घ्या, करा हातांनी. अडाल, दमल्याचं निमित्त कराल, वर्ग आपोआप बारगळेल. दांडा तसाच कापडात गुंडाळून दिला.

पण हे अडले नाहीत. उलट असा सरसर हात चालला की मीच बघत राहिले. लोक विचारत होते, हे हसून उत्तरं देत होते. एका आजोबांना मूठ कुठे येते ते दाखवलं, एका मुलीला ढलपीचा वास घ्यायला लावला. इतकं खुललेलं माणूस मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. आणि बाराच्या सुमारास, मुठीच्या वर वीतभर अंतरावर, पातं थरातून आरपार गेलं.

तिथे एक बारीक गाठ होती. गाठीपाशी थर फुगून वर येतो, पातं त्याच्यावरून उचलून न्यावं लागतं. ह्यांनी ते सरळ नेलं. खालचा थर उघडा पडून बदामाएवढी वेगळ्या रंगाची जागा दिसायला लागली. मला लांबून दिसली.

सांगायला हवं होतं. जेवताना सांगू म्हटलं, तर जेवताना काडेपेटी येऊन बसला. दुपारी सांगू म्हटलं, तर भोवती ही गर्दी. खरं सांगायचं तर तोंड उघडायची लाज वाटत होती, कारण सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी मूग गिळून बसले आणि ह्यांनी त्या मेलेल्या लाकडावर आणखी चार तास जीव ओतला. दोन्ही बाजू सारख्या वाकाव्यात म्हणून इकडे तासलं, तिकडे तासलं, खुंटीला लावून अर्ध्यापर्यंत ओढून पाहिलं. अर्ध्यापर्यंत ते टिकलं.

पाचला संग्रहालयाच्या बाई आल्या. उंच बाई, हात चांगले लांब. म्हणाल्या, पहिल्यांदा मी ओढते, वर्गाची सुरुवातच समजा. ह्यांनी दोन्ही हातांनी धनुष्य पुढे केलं. बाईंनी दोरी धरली, चेहऱ्याच्या दिशेनं आणायला लागल्या.

"ओढू नका," मी म्हटलं. "मोडेल ते."

बाईंनी दोरी हलकेच सैल सोडली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे तर माझ्या दिशेनं तोंड करून नुसते उभे.

"कुठे?" ह्यांनी विचारलं.

मी पुढे झाले, ह्यांचा अंगठा धरला आणि त्या जागेवर टेकवला. शोधावं लागलं नाही मला. एका झटक्यात टेकवला. ह्यांनी अंगठा पुढे सरकवला, मागे आणला, पुन्हा पुढे नेला.

"ही जागा मी दुपारी तासली. तेव्हापासून माहीत होतं तुला," मग म्हणाले. आवाज अगदी हळू. "अगं, तू रोज खुणा करतेस. आज एकही नव्हती, म्हणून मला वाटलं आजचं लाकूड स्वच्छ आहे. बिनधास्त हात टाकला."

दोन वर्षं ह्यांना सगळं माहीत होतं. सकाळी बोलले होते ते नुसतं बोलणं होतं. माझ्या पेन्सिलीवर विश्वास टाकून माणूस पातं चालवत होता. त्या दिवशी पेन्सिल नव्हती, तर नसण्यावर विश्वास टाकला. डोळे गेल्याचं ह्यांना इतकं लागलं नव्हतं. हे लागलं, ते मला समोर दिसत होतं.

लोक पांगायला लागले. काडेपेटीनं उगाचच आपल्या काटक्या नीट मांडायला घेतल्या. बाई मात्र तिथेच उभ्या होत्या. त्यांच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. मला म्हणाल्या, तुम्हाला इतक्या लांबून ते दिसलं कसं? तुम्हीच का नाही घेत शनिवारचा वर्ग? चांगल्या मनानं विचारलं त्यांनी, त्यांना काय कल्पना.

मी नाही म्हणणारच होते, पण ह्यांनी माझ्याआधी उत्तर दिलं. पात्याला कापड गुंडाळता गुंडाळता, वरसुद्धा न बघता.

"हिलाच द्या. हिला सगळं दिसतं. फक्त सांगत नाही."

बाईंना ती थट्टा वाटली. त्या हसल्या आणि वहीत माझं नाव लिहून घेतलं.